चालेल का, डॉक्टर?



दिवाळी आटोपली, पहाटेच्या हवेत थोडा गारवा आला, की पार्ल्यातील आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "आईबाबांना चार दिवस माथेरानला नेले तर चालेल का, डॉक्टर?" विचारणारी व्यक्ती बहुधा चाळिशी-पन्नाशीतील असते. ज्यांच्याविषयी प्रश्न आहे ते आईबाबा समोरच्या खुर्च्यांवर, जुन्या रिपोर्टांची फाईल मांडीवर सांभाळत, शांत बसलेले असतात. आपल्या भाषेची गंमत अशी, की या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. 'चालेल का' हे बऱ्याच अंशी 'चालतील का' यावर अवलंबून असते. म्हणून मी थेट आईबाबांनाच विचारतो, "आपण रोज किती चालता?" त्यानंतर खोलीत जी शांतता पसरते, ती मला एखाद्या रक्ततपासणीइतकेच सांगून जाते.

गेल्या काही वर्षांत पार्ल्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून जुन्या इमारती पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. पदपथ खोदलेले, त्यावर रेतीचे ढीग, कडेला लावलेली वाहने, मागून येणारी रिक्षा! ज्येष्ठांनी चालावे तरी कोठे? एखादे दिवशी पाय अडखळतो. हाड मोडत नाही, पण मन धास्तावते. घरातील मंडळी म्हणतात, "आता एकट्याने खाली उतरायचे नाही." हे प्रेमापोटीच म्हटलेले असते. परंतु वापर थांबला की वृद्ध शरीरातील स्नायू फार लवकर क्षीण होतात. पडण्याच्या भीतीने चालणे घटते, चालणे घटल्यामुळे पाय दुबळे होतात, तोल बिघडतो आणि मग पडण्याची शक्यता खरोखरच वाढते. भीती स्वतःच स्वतःला खरी करून दाखवते.

माझ्या एका रुग्ण बाई वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी स्वयंपाकघरात घसरल्या. क्ष-किरण तपासणीत अस्थिभंग आढळला नाही. तरीही पुढील आठ महिने त्या घराबाहेर पडल्या नाहीत. भाजी घरपोच येऊ लागली, देवळात जाणे थांबले, मैत्रिणींची गाठभेट फोनवर आली. आठ महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हातांचा आधार घेतल्यावाचून त्यांना खुर्चीतून उठता येत नव्हते. त्या पडल्या एका क्षणात; दुबळ्या झाल्या त्या नंतरच्या आठ महिन्यांत. मुलगा काळजीने विचारत होता, "यांना अजून किती जपायचे?" बाईंना मात्र विचारायचे होते, की यजमानांबरोबर पूर्वी दरवर्षी जात असत त्या माथेरानला पुन्हा एकदा जाता येईल का.

आता आपणास थोडे दूर, बर्फाच्या प्रदेशात नेतो. आमच्याकडील एक दांपत्य मुलीकडे नॉर्वेतील डोंगरातल्या एका लहानशा गावी हिवाळा काढून आले. त्यांना सर्वांत नवल वाटले ते खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचे. सत्तरी-पंचाहत्तरीचे स्त्रीपुरुष पायांना लांब, अरुंद फळ्या बांधून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन बर्फावरून संथपणे पुढे सरकत जात. कुणी किराणा आणायला निघालेले, कुणी शेजाऱ्याला भेटायला, कुणी केवळ कोवळे ऊन अंगावर घ्यायला. यालाच क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. उंच डोंगरावरून भरधाव घसरत येण्याचा, चित्रपटात दिसणारा खेळ तो हा नव्हे. यात बुटाचा पुढचा भाग तेवढा फळीला जोडलेला असतो, टाच मोकळी राहते. एक पाय रेटायचा, दुसऱ्यावर सरकायचे आणि काठ्यांनी जमीन मागे ढकलायची. पाय, कंबर, पोट, पाठ, खांदे, दंड असे जवळजवळ सर्व शरीर कामाला लागते. हृदय आणि फुफ्फुसांना उत्तम व्यायाम मिळतो. आणि पाऊल आदळण्याऐवजी सरकत असल्याने गुडघ्यांना धावण्यासारखे हादरे बसत नाहीत.

या खेळाचा एक विलक्षण उपासक म्हणजे हर्मन स्मिथ-योहान्सन. १८७५ मध्ये नॉर्वेत जन्मलेला हा अभियंता पुढे कॅनडात स्थायिक झाला. क्वेबेक प्रांतातील लॉरेन्शियन डोंगरांत त्याने स्कीच्या कितीतरी वाटा आखल्या आणि तेथील एका छोट्या गावात दीर्घकाळ राहिला. शंभरी ओलांडल्यावरही तो स्की करीत असे. १९८७ मध्ये, वयाच्या १११ व्या वर्षी त्याचे निधन झाले. अर्थात एका माणसाचे दीर्घायुष्य हा शास्त्रीय पुरावा नव्हे. स्वीडनमध्ये १९२२ पासून 'वासालोपेट' नावाची ९० किलोमीटरची स्की-शर्यत होते. तिच्यात भाग घेणाऱ्यांचा तेथील संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांचा मृत्युदर इतर जनतेपेक्षा कमी आढळला. मुळात निरोगी असलेली माणसेच अशा शर्यतीत उतरतात, हेही येथे ध्यानात घ्यावे. त्याच अभ्यासमालिकेत असेही दिसले, की वर्षानुवर्षे फार वेगाने शर्यती करणाऱ्यांत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रमाण अधिक असते. आपल्या वडीलधाऱ्यांचे 'अति तेथे माती' हे सांगणे बर्फातही खरे ठरते!

आपल्यासाठी यातून काय घ्यायचे? गुलमर्गला हा खेळ आपल्या देशातही होतो. परंतु सुमारे २,६५० मीटर उंचीवर, गोठवणाऱ्या थंडीत, सत्तराव्या वर्षी नव्याने शिकायला सुरुवात करावी असे मी कोणालाही सुचवणार नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. पहिली, दोन काठ्या. दुसरी, जिथे दैनंदिन जीवनच माणसाला चालायला लावते असे लहान डोंगरी गाव. आणि असे गाव आपल्यापासून फार दूर नाही.

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी या डोंगरमाथ्याकडे लक्ष वेधले आणि पुढे तेथे वस्ती वाढली. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. खासगी मोटारींना गावात प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्याशी थांबतात. म्हणजे मागून अचानक येणारी मोटार नाही, मोटारींचे हॉर्न नाहीत, धूर नाही. वर दाट झाडी, पायाखाली जांभ्याची लाल माती. बाजार, टपाल कार्यालय, शार्लट तलाव, त्याच्या काठचे पिसरनाथाचे मंदिर, सारे पायी गाठायचे. व्यायाम म्हणून वेगळे चालावे लागत नाही. चहा प्यायला गेले तरी चालणे होतेच.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. प्रकृती स्थिर असलेल्या बहुतेक ज्येष्ठांना हा फरक जाणवतही नाही. हिमालयात होणारा उंचीचा त्रास येथे होत नाही. मात्र ज्यांना घरातल्या घरात चालतानाच धाप लागते, त्यांना हा थोडासा फरकही जड जाऊ शकतो.

आता काठ्यांविषयी. फिनलंडमध्ये स्कीपटू उन्हाळ्यात बर्फ नसताना सरावासाठी काठ्या घेऊन चालत. १९९० च्या दशकात त्यातूनच 'नॉर्डिक वॉकिंग' हा सर्वसामान्यांचा व्यायाम आकाराला आला. आपल्याकडे काठी हातात घेणे म्हणजे म्हातारपण मान्य करणे, अशी समजूत असल्याने कितीतरी जण ती टाळतात. परंतु दोन काठ्या घेतलेला माणूस अपंग वाटत नाही, गिर्यारोहक वाटतो! ही गंमत सोडली तरी लाभ खरे आहेत. जमिनीला दोनऐवजी चार टेकू मिळतात, पाठ ताठ राहते, खांदे मोकळे होतात आणि उतारावर गुडघ्यांवरील भार हलका होतो. तेवढ्याच वेगाने चालताना हृदयाला थोडे अधिक काम पडते. म्हणून सुरुवात सावकाश करावी.

क्रीडासाहित्याच्या दुकानांत उंची कमी-जास्त करता येणाऱ्या काठ्या मिळतात. टोक जमिनीवर टेकवून मूठ धरली असता कोपर साधारण काटकोनात असावे. उतारावर काठी जराशी लांब करावी. उजवे पाऊल पुढे टाकताना डावी काठी पुढे, डावे पाऊल टाकताना उजवी. हात झुलवत चालतो, तसेच हे आहे. फार विचार करू लागलात की गोंधळ होईल. मातीवर धातूचे टोक चांगले रुतते. फरशीवर आणि रस्त्यावर रबरी टोपण हवेच. उतरताना मनगट पट्ट्यातून बाहेर काढावे, म्हणजे तोल गेलाच तर अंगठा मुरगळत नाही. आणि ज्यांना एकच काठी वापरायची आहे, त्यांनी ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ जण नेमकी उलट धरतात.

माथेरानची तयारी माथेरानला होत नाही, ती पार्ल्यातच करावी लागते. मी साधारण सहा आठवडे सांगतो. प्रारंभी एक घरगुती चाचणी घ्या. पाठ असलेल्या खुर्चीत बसा, उठा, नेहमीच्या वेगाने तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. जवळ कोणीतरी उभे असावे. याला बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून आधी डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांचा सल्ला घ्यावा.

त्यानंतर रोजचा क्रम सोपा आहे. शक्य तितका हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे. ओट्याला धरून टाचा उचलणे, दहा वेळा. ओट्याजवळच एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहणे. याखेरीज चालणे: पहिल्या आठवड्यात जमेल तितके, दहा मिनिटे असली तरी चालतील, सहाव्या आठवड्यापर्यंत मध्ये विश्रांती घेत चाळीस मिनिटे. मैदानाच्या फेऱ्या सपाट जमिनीवर होतात. म्हणून अधूनमधून जुहूच्या किनाऱ्यावरील ओल्या, घट्ट वाळूवर काठ्या घेऊन चालावे. वेगाचे माप एकच: चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य पूर्ण करण्याआधी श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा व्यायाम सुचवला आहे. हा क्रम आपणास त्याच दिशेने नेतो.

औषधांकडे मात्र आवर्जून पाहावे. रक्तदाबाच्या, तसेच प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे उठल्याबरोबर चक्कर येऊ शकते. अंथरुणातून उठताना आधी काठावर मिनिटभर बसावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांचे चालणे अचानक वाढले, तर रक्तशर्करा फार खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर असावी, जेवणाची वेळ चुकवू नये आणि मात्रेविषयी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. झोपेच्या गोळीमुळे रात्री अनोळखी खोलीत स्नानगृहाकडे जाताना तोल जातो. उशाशी टॉर्च हवाच. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी त्वरित वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

प्रवासाचे नियोजनही आरोग्याचाच भाग आहे. पार्ल्याहून दादरला उतरून नेरळला जाणारी लोकल मिळते. गर्दीची वेळ टाळावी. नेरळहून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आणि तेथून अमन लॉज स्थानकातून छोट्या रेल्वेने गावात जाता येते. गाडीच्या व अन्य वाहनांच्या वेळा आणि नियम बदलत असतात. त्याच आठवड्यात चौकशी करावी. दस्तुरीपासून बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पहिल्याच दिवशी, सामानासह चालण्याचा हट्ट नको. मुक्कामाची जागा ठरवताना दृश्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: पायऱ्या किती, कमोड आहे का, गरम पाणी केव्हा मिळते. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर पाय हमखास घसरतो. तो काळ ज्येष्ठांनी टाळावा. कोरड्या दिवसांत लाल धूळ आणि घोड्यांच्या लिदीचा भुगा हवेत उडतो. दमेकऱ्यांनी मुखपट्टी आणि श्वासावाटे घेण्याचे औषध जवळ बाळगावे. माकडे हातातील पिशवी ओढतात, तेव्हा खाऊ उघडा नेऊ नये; आणि ओढलीच तर पिशवी सोडून द्यावी, झटापटीत पडू नये.

छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी: यांपैकी काहीही झाले, तर 'पॉइंट जवळच आहे' म्हणून पुढे जाऊ नका. तेथेच बसा आणि मदत मागवा. गावात रुग्णालय आणि रुग्णवाहिका आहे. परंतु हृदयविकाराच्या मोठ्या उपचारासाठी घाट उतरावाच लागतो. म्हणून नुकताच हृदयविकाराचा झटका वा शस्त्रक्रिया झालेल्यांनी, थोड्या श्रमानेही छातीत दुखणाऱ्यांनी आणि घरी प्राणवायू लागणाऱ्यांनी आपल्या तज्ज्ञांनी स्पष्ट संमती दिल्याशिवाय निघू नये. अशा वेळी 'नाही' म्हणणे हेही माझे काम आहे, आणि ते मी म्हणतो.

काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. चालताना वडिलांचा दंड धरून त्यांना ओढू नका. आपला हात पुढे करा, त्यांना तो धरू द्या. वेग त्यांचा, थांबणे त्यांचे. सर्व पॉइंट पाहिलेच पाहिजेत असा नियम नाही. पॅनोरमाला जायचे की बाकावर बसून झाडे पाहायची, हे त्यांना ठरवू द्या. आपली भीती आपल्यापाशी ठेवणे कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु धोका शून्यावर आणायचा तर माणसाला खुर्चीतच बसवून ठेवावे लागते. आणि खुर्चीचे धोके कोणाला दिसत नाहीत, एवढेच.

काही जण याहून पुढचा प्रश्न विचारतात: "मुंबई सोडून अशाच गावी कायमचे राहायला जावे का?" एकेकाळी क्षयरोग्यांना पाचगणीच्या आरोग्यधामांत पाठवत, तेव्हापासून 'डोंगरावरची हवा' हे औषधच असल्याची श्रद्धा आपल्या मनात आहे. हवा चांगली असते, झोप शांत लागते, ओळखीपाळखी लवकर होतात, हे खरे. परंतु वाढत्या वयात दवाखाना, औषधांचे दुकान आणि हाकेला ओ देणारे माणूस ही हवेइतकीच आवश्यक आहेत. पावसाळ्यातील चार महिने तेथे राहून पाहिल्याशिवाय कायमचा निर्णय घेऊ नये. बहुतेकांसाठी वर्षातून दोनदा काही दिवस जाणे आणि तेथील सवय घरी घेऊन येणे, हेच श्रेयस्कर.

वर उल्लेखिलेल्या बाईंनी सहा आठवड्यांऐवजी दहा आठवडे तयारी केली. मग त्या मुलगा-सुनेबरोबर माथेरानला गेल्या. एकही प्रसिद्ध पॉइंट त्यांनी पाहिला नाही. पहिल्या दिवशी बाजारापर्यंत, दुसऱ्या दिवशी थोडे पुढे, तिसऱ्या दिवशी सात-आठ ठिकाणी बसत पिसरनाथापर्यंत. परतीला घोडा नको म्हणून हातरिक्षा. त्यांचे गुडघे आजही दुखतात आणि रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे. परंतु आता भाजी त्या स्वतः आणतात, दोन काठ्यांपैकी एक घेऊन, पिशवी मुलाच्या खांद्यावर देऊन. मुलाला अजूनही काळजी वाटते. वाटावीच; फक्त ती आता त्यांच्याबरोबर चालते, त्यांना अडवीत नाही.

हा अंक हातात पडला आहे, तर आजच सायंकाळी ती खुर्ची, ते तीन मीटर आणि घड्याळ घेऊन पाहा. माथेरानची खोली नंतर राखून ठेवता येईल.